ऑर्वेलची ४४२ पुस्तकं आणि आपली प्रश्नावली

संशोधन आराखड्याच्या पहिल्या पानावर एक वाक्य हमखास सापडतं: आजकाल वाचक पुस्तकांवर खर्च करत नाहीत. विषय मराठी विभागातला असो, ग्रंथालयशास्त्रातला असो की वाणिज्य शाखेतला, शब्द थोडे इकडेतिकडे होतात, वाक्य तेच. त्याच्यापुढे कंसात एखादं आडनाव आणि साल असतं. तो संदर्भ उघडून पाहावा तर तिथेही कुणीतरी तिसऱ्याचं नाव कंसात टाकून तेच वाक्य लिहिलेलं. तुम्ही पेट देऊन प्रपोजलच्या तयारीत असाल, तर समितीतलं कुणीतरी विचारणारच: किती करत नाहीत? कशाच्या तुलनेत? आणि हे तुम्हाला कळलं कसं?

हा प्रश्न गांभीर्याने घेऊन, स्वतःच्या घरातली पुस्तकं मोजून, आकडे मांडून लिहिलेला एक निबंध आहे. जॉर्ज ऑर्वेलचा 'बुक्स व्हर्सेस सिगारेट्स', ट्रिब्यून साप्ताहिकात ८ फेब्रुवारी १९४६ ला आलेला. चार-पाच पानांचा आहे. साहित्याचे विद्यार्थी तो शैलीसाठी वाचतात. माझा आग्रह असा, की तुम्ही तो एकदा 'रिसर्च मेथडॉलॉजी'च्या पेपरसाठी वाचा. मोजमाप कसं करावं हे त्यात आहे आणि चांगलं मोजमाप करूनही निष्कर्ष कसा हातातून निसटतो, तेही आहे.

आधी निबंधात काय आहे ते बघू. युद्धकाळात ऑर्वेलचा एक संपादक मित्र कारखान्यातल्या कामगारांबरोबर रात्रीच्या पहाऱ्यावर असतो (बॉम्बहल्ल्यात आग लागली तर विझवायला). गप्पांत त्याच्या वर्तमानपत्राचा विषय निघतो. वर्तमानपत्र त्यांना आवडतं, पण साहित्याची पानं? ती कोण वाचणार, त्यात साडेबारा शिलिंगांच्या पुस्तकांबद्दल लिहिलेलं असतं! आणि हीच माणसं ब्लॅकपूलच्या एका दिवसाच्या सहलीवर अनेक पौंड उडवतात, असं त्या मित्राचं म्हणणं. ऑर्वेलला हे खटकतं. पुस्तकं खरंच सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहेत का, हे तो स्वतःच्या हिशेबावरून तपासायला बसतो. (जुनं ब्रिटिश चलन डोक्यात नसेल तर: एक पौंड म्हणजे २० शिलिंग, एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स. आपल्या रुपये-आणे-पैसारखंच.)

तर त्याच्या फ्लॅटमध्ये ४४२ पुस्तकं आहेत. त्यांची वर्गवारी अशी: विकत घेतलेली, बहुतेक जुन्या बाजारातली, २५१. भेट मिळालेली किंवा भेटकुपनावर घेतलेली ३३. परीक्षणासाठी किंवा मानार्थ आलेली १४३. मागून आणली आणि परत केली नाहीत अशी १०. सध्या उसनी असलेली ५. मग प्रत्येक गटाची किंमत: विकत घेतलेल्यांची ३६ पौंड ९ शिलिंग, भेटीची १० पौंड १० शिलिंग, परीक्षणाच्या प्रतींची २५ पौंड ११ शिलिंग ९ पेन्स, न परतवलेल्यांची ४ पौंड १६ शिलिंग ९ पेन्स, उसन्यांची ३ पौंड १० शिलिंग. शेल्फांचे २ पौंडही धरलेत. एकूण ८२ पौंड १७ शिलिंग ६ पेन्स.

इथे जरा थांबा. तुमच्या प्रश्नावलीत "आपण वर्षाला पुस्तकांवर अंदाजे किती खर्च करता?" असा एक प्रश्न असेल आणि खाली चार चौकटी: ५०० पर्यंत, ५०० ते १,०००, वगैरे. त्याच्या शेजारी हा तक्ता ठेवून बघा. ऑर्वेलने स्वतःला "मी अंदाजे किती खर्च करतो?" असं विचारलेलंच नाही. तो उठला आणि मोजायला लागला. आठवण विचारण्यापेक्षा वस्तू मोजणं बरं, कारण आठवणीला सवयी असतात. १९६४ मध्ये नेटर आणि वॅक्सबर्ग यांनी अमेरिकेत घरदुरुस्तीच्या खर्चाबद्दलच्या उत्तरांचा अभ्यास केला. तेव्हा दिसलं की लोक जुना खर्च अलीकडे ओढून सांगतात. विचारलेल्या मुदतीच्या आधी झालेली मोठी खरेदीही मुदतीत येऊन बसते. याला 'टेलिस्कोपिंग' म्हणतात, दुर्बिणीतून लांबचं जवळ दिसतं तसं. दोन वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनात घेतलेला सहाशे रुपयांचा चरित्रग्रंथ "यंदाच घेतला की" म्हणून सांगितला जातो. त्यात खोटं बोलण्याचा हेतू नसतो. आणि पुस्तकांच्या बाबतीत दुसरीही एक ओढ असते: वाचन ही चांगली गोष्ट मानली जाते, त्यामुळे समोर विद्यापीठाचं ओळखपत्र लटकवलेला माणूस बसला की आकडा जरा फुगतो. शेल्फ फुगत नाही.

दुसरी चांगली गोष्ट, पुस्तक घरात कोणत्या वाटेने आलं हे तो वेगळं करतो. हे मला या निबंधातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. ४४२ पैकी २५१ म्हणजे साधारण ५७ टक्केच पुस्तकं पैसे देऊन आलेली. आता पैशांचं बघा. विकत घेतलेल्यांचे ३६ पौंड ९ शिलिंग आणि शेल्फांचे २ पौंड मिळून साडेअडतीस पौंडांच्या आत. म्हणजे ८२ पौंडांच्या त्या 'खर्चा'तला निम्म्याहून जास्त भाग ऑर्वेलच्या खिशातून गेलेलाच नाही! तो मानीव खर्च आहे, फुकट आलेल्या वस्तूला लावलेली किंमत.

मग हा हिशेब चुकीचा का? नाही, आणि का नाही ते नीट समजून घ्या, व्हायवाला उपयोगी पडेल. ऑर्वेल त्यामागचं गृहीतक लपवत नाही. भेट म्हणून दिलेली, उसनी गेलेली, ढापलेली पुस्तकं दोन्ही बाजूंनी साधारण सारखीच होतात, आपली पैसे देऊन घेतलेली कितीतरी पुस्तकं आता आपल्याकडे नाहीतच, असं त्याचं म्हणणं. परीक्षणाच्या प्रती त्याने निम्म्या किमतीला धरल्या, कारण घेतल्याच असत्या तर जुन्या बाजारात घेतल्या असत्या. काही किमती अंदाजाने लावल्यात हेही तो सांगून टाकतो. शिवाय, त्याला सिद्ध काय करायचंय? पुस्तकं महाग पडत नाहीत हे. आणि फुकट आलेल्या पुस्तकांची किंमत धरल्याने खर्चाचा आकडा वाढतो, म्हणजे त्याच्याच दाव्याला अडचण होते. गृहीतक धरायची वेळ आली, तर ते आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध बाजूला झुकलेलं धरावं. तरीही निष्कर्ष टिकला तर तो मजबूत. आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांत नेमकं उलटं चालतं.

आता हिशेब पुढे जातो तसा सैल होत जातो.

आणखी जवळपास तेवढीच पुस्तकं दुसरीकडे ठेवलेली आहेत, म्हणून तो आकडा दुप्पट करतो: साधारण ९०० पुस्तकं, १६५ पौंड १५ शिलिंग. पंधरा वर्षांत जमलेली, म्हणजे वर्षाला ११ पौंड १ शिलिंग. दुप्पट करताना दुसऱ्या ढिगातही विकत-फुकटचं प्रमाण तेच असणार असं धरलं, त्याला आधार काही नाही. पण हे मी सोडून देते. पुढची पायरी महत्त्वाची आहे. वर्तमानपत्रं आणि मासिकांचे वर्षाला ८ पौंड, आणि वाचनालयाची वर्गणी अधिक घेऊन हरवलेली वा फेकलेली स्वस्त पुस्तकं यांचे ६ पौंड, असं मिळवून तो २५ पौंडांवर येतो. समोर तंबाखू: आठवड्याला सहा औंस, अडीच शिलिंग औंस, वर्षाला जवळजवळ ४० पौंड. म्हणजे वाचन धूम्रपानापेक्षा स्वस्त.

लक्षात आलं का काय झालं? प्रश्न 'पुस्तकां'चा होता, उत्तर 'वाचना'चं आलं. २५ पौंडांतले १४ पौंड शेल्फाबाहेरचे आहेत. हेही चालेल, व्याख्या रुंद केली की केली. पण मग ती शेवटपर्यंत रुंद राहायला हवी. निबंधाच्या अखेरीस तो देशाचा आकडा काढतो: युद्धापूर्वी वर्षाला साधारण १५,००० पुस्तकं निघायची, शाळेची पुस्तकं आणि पुनर्मुद्रणं धरून. प्रत्येकाच्या १०,००० प्रती खपल्या असं जरा उदार होऊन धरलं, तर माणशी तीनेक पुस्तकं. गुणाकार तुम्हीही करून बघा: १५ कोटी प्रती, लोकसंख्या पावणेपाच कोटींच्या आसपास, बरोबर येतं. त्या तीन पुस्तकांची किंमत एक पौंड, कदाचित कमीच. आणि १९३८ मध्ये दारू-तंबाखूवरचा खर्च मात्र माणशी जवळजवळ १० पौंड.

या दोन आकड्यांची तुलना मला पटत नाही. स्वतःच्या हिशेबात वर्तमानपत्रं आणि वाचनालय धरलं, देशाच्या हिशेबात वगळलं. ब्रिटन म्हणजे वर्तमानपत्रं भरमसाठ खपणारा देश, आणि ज्या कामगारांवरून विषय निघाला ते वर्तमानपत्र वाचत होतेच, निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात तसं लिहिलंय. दुसरं असं, की दारू-तंबाखूच्या सरासरीत लहान मुलं आणि न पिणाऱ्या बायका आल्या, म्हणून प्रत्यक्ष पिणाऱ्याचा खर्च त्याहून बराच जास्त असणार, हे तो बरोबर दाखवतो. तीच दुरुस्ती पुस्तकांच्या सरासरीला मात्र लावत नाही. माणशी तीन पुस्तकं म्हणजे काहीजण तीस आणि बरेचजण शून्य असंही असू शकतं. अशा आकड्याची सरासरी कुणाचंच वर्णन करत नाही.

आणि आता खरा खटका. ऑर्वेलने विकत घेतलेल्या २५१ पुस्तकांना ३६ पौंड ९ शिलिंग पडले. भागाकार करा: एका पुस्तकाला तीन शिलिंगांच्या आत. कामगार बोलत होते साडेबारा शिलिंगांच्या नव्या पुस्तकाबद्दल. चौपटीहून जास्त फरक. म्हणजे दोघं दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलतायत! जुन्या बाजारात तीन शिलिंगांना चांगलं पुस्तक उचलायचं तर तो बाजार जवळ असावा लागतो, ढिगासमोर उभं राहायला मोकळी दुपार लागते, आणि हजार पुस्तकांतलं कोणतं घ्यायचं हे डोळ्यांना कळावं लागतं. ऑर्वेलने स्वतः १९३४ ते १९३६ च्या दरम्यान लंडनच्या हॅम्पस्टेड भागात जुन्या पुस्तकांच्या दुकानात नोकरी केली होती. त्याच्याकडे ही नजर होती. पिएर बोर्द्यूने पुढे याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं. ते भांडवल तक्त्यातल्या कोणत्याच रकान्यात नाही. परीक्षणासाठी आलेल्या १४३ प्रतीही त्या धंद्यात असल्यामुळेच आलेल्या. कारखान्यातल्या माणसाला त्या कोण पाठवणार?

तरी निबंध शेवटी म्हणतो, पुस्तकं कमी खपत असतील तर कुत्र्यांच्या शर्यती, सिनेमा आणि पब यांच्यापुढे वाचन कमी रंगतदार वाटतं म्हणून, किंमत हे कारण नव्हे. एवढ्या हिशेबातून हे निघत नाही. 'पुस्तकं तंबाखूपेक्षा स्वस्त पडतात' हे वर्णन आहे. 'म्हणून किंमत अडवत नाही' हा कारणाचा दावा आहे. दोघांच्या मध्ये बरंच काही येतं. तंबाखू पेन्सापेन्साने विकत मिळते, नवं पुस्तक एकरकमी पैसे मागतं. तंबाखूची चव आधीच माहीत असते, पुस्तक कसं निघेल ते पैसे दिल्यावर कळतं. शिवाय ब्रिटनमध्ये १९४० पासून कागदावर नियंत्रण होतं, ते युद्धानंतरही काही वर्षं चाललं. त्याच्याच 'अॅनिमल फार्म'ची पहिली आवृत्ती ऑगस्ट १९४५ मध्ये निघाली ती ४,५०० प्रतींची. बाजारात माल पुरेसा नसताना झालेल्या खर्चावरून लोकांची आवड ठरवता येत नाही. (देशाच्या आकड्यासाठी त्याने युद्धापूर्वीचं वर्ष घेतलं, हे मान्य. पण स्वतःच्या तंबाखूचा भाव युद्धानंतरचा घेतला.) आणि त्या कामगारांच्या घरी किती पुस्तकं होती, ती कुठून आली होती, हा प्रश्न त्यांना कुणी विचारल्याचं निबंधात दिसत नाही. स्वतःचं शेल्फ मोजलं, त्यांच्याबद्दल अंदाज केला.

तुमच्या प्रबंधात तुम्ही नेमके त्या जागी उभे असता. म्हणून आता आपल्याकडे बघू.

आपल्याकडे घरखर्चाचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे राष्ट्रीय नमुना पाहणीचं उपभोग खर्च सर्वेक्षण. विद्यार्थी त्यातला तयार तक्ता उचलतात, प्रश्नावली उघडत नाहीत. प्रश्नावली उघडा! २०११-१२ च्या ६८ व्या फेरीची घ्या. पुस्तकं कुठे आहेत? मनोरंजनात नाहीत. ती 'शिक्षण' या गटात आहेत, फी आणि क्लासच्या खर्चाच्या रांगेत. नवी पुस्तकं-नियतकालिकं एक रकाना, जुनी दुसरा, वर्तमानपत्रं-मासिकं तिसरा, वाचनालयाचं शुल्क चौथा, लेखनसाहित्य आणि झेरॉक्स पाचवा.

ऑर्वेलने वाटा वेगळ्या केल्या होत्या, इथेही काही प्रमाणात त्या वेगळ्या आहेत, हे कौतुकाने नोंदवा. पण एका रकान्यात काय काय कोंबलंय तेही बघा. मुलीची दहावीची गाईडं, भावाचं पॉलिटीचं जाडजूड पुस्तक, आईची पोथी आणि तुमची कादंबरी, सगळं 'नवी पुस्तकं' या एकाच ओळीत. या ओळीवरून 'महाराष्ट्रातील वाचनसंस्कृती' असा निष्कर्ष काढणं म्हणजे किराणाच्या बिलावरून माणसाला गोड आवडतं का हे सांगणं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात शनिवारी संध्याकाळी उभे राहा. सगळ्यात जास्त पुस्तकं कोण घेतंय? एमपीएससीची पोरं, आणि जूनमध्ये शाळकरी मुलांचे पालक. यातल्या कुणालाही 'आपण वाचक आहात का?' विचाराल तर बहुतेक जण "नाही हो, वेळ कुठे असतो" म्हणतील. खर्चाने बघितलं तर हेच मोठे ग्राहक. तुमच्या व्याख्येने त्यांना बाहेर ठेवायचं असेल तर जरूर ठेवा, फक्त तसं लिहा, आणि मग खर्चाचा आकडा या ओळीतून उचलू नका.

उलट बाजूही आहे. आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. ज्या घरात अशी दोन मुलं आहेत तिथे पुस्तकं आहेत, खर्च शून्य. झेरॉक्स करून वाचलेलं अख्खं पुस्तक लेखनसाहित्याच्या रकान्यात जातं. मोबाईलवर फिरत आलेली पीडीएफ कुठेच जात नाही. आणि सार्वजनिक ग्रंथालय: १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत अनुदान घेणारी ग्रंथालयं गावोगाव आहेत. तिथून महिन्याला चार पुस्तकं नेणाऱ्या बाई पुस्तकं विकत घेत नाहीत, वर्गणी देतात. पुस्तकांच्या ओळीत त्यांच्यापुढे शून्य, आणि त्या तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त वाचत असतील. त्यांच्यासाठी पुस्तक ग्रंथालयाने विकत घेतलेलं असतं, अनुदानातून. घराघरांचा खर्च मोजणाऱ्या सर्वेक्षणात ती खरेदी दिसणारच नाही, कारण ती कुठल्याच घराने केलेली नाही.

हा तांत्रिक किस काढायचं कारण आहे. 'लोक पुस्तकांवर खर्च करत नाहीत' या वाक्यावर निर्णय घेतले जातात. प्रकाशक आवृत्ती छोटी ठेवतो, मग प्रतीमागचा खर्च वाढतो, किंमत वाढते. ग्रंथालयाच्या अनुदानाची मागणी आली की "वाचतंय कोण?" असा प्रश्न उलटा फेकता येतो. आणि दोष नेहमी वाचकाच्या आवडीवर जातो, ऑर्वेलच्या निबंधात गेला तसाच. २०२३-२४ च्या सर्वेक्षणानुसार माणशी मासिक खर्च ग्रामीण भागात सरासरी ४,१२२ रुपये, शहरी भागात ६,९९६ रुपये. म्हणजे चारशे रुपयांची एक कादंबरी खेड्यातल्या सरासरी माणसाच्या महिन्याच्या एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्याजवळ जाते, शहरातल्याच्या सतराव्या-अठराव्या हिश्श्याजवळ. वर्षाच्या बेरजेत ती स्वस्तच दिसेल. ज्या महिन्यात ती घ्यायची त्या महिन्यात दिसणार नाही. आणि गावातून दुकानापर्यंतचं एसटीचं भाडं अजून धरलेलंच नाही.

आता मुदतीचं. शिक्षण गटातल्या या खर्चासाठी सर्वेक्षण मागच्या ३६५ दिवसांचं विचारतं. काही विद्यार्थी "सोपं जावं म्हणून" मागच्या ३० दिवसांचं विचारतात आणि मग "७० टक्के उत्तरदाते पुस्तकं घेत नाहीत" असं छापतात. (आकडा नमुन्यादाखल, पण असे आकडे तुम्हीही पाहिले असतील.) जो माणूस वर्षातून दोनदा, एकदा प्रदर्शनात आणि एकदा दिवाळीच्या आसपास पुस्तकं घेतो, तो ३० दिवसांच्या प्रश्नात बहुतेक वेळा शून्यच सांगणार. तो वाचत नाही म्हणून शून्य नाही, तुम्ही चुकीच्या महिन्यात गेलात म्हणून शून्य आहे. मुदत बदलली की आकडा किती हलतो, हे आपल्या देशाने गरिबीच्या मोजमापात अनुभवलंय. १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत खाद्यपदार्थांसाठी ७ आणि ३० दिवस दोन्ही मुदतींचं विचारलं, तर कपडे, शिक्षण अशा खर्चासाठी ३६५ दिवसांचं, आणि त्या फेरीचे गरिबीचे आकडे आधीच्या फेऱ्यांशी ताडून बघता येतात का यावर अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. त्यावरचं अँगस डीटन यांचं लिखाण मिळवून वाचा. गरिबी मोजताना जे झालं ते पुस्तकं मोजताना होणार नाही असं समजायला काही कारण नाही.

पण ३६५ दिवसांना टेलिस्कोपिंगचा धोका आहेच, वर सांगितला तो. त्यावर एक साधा उपाय: तारखेऐवजी खूण द्या. "मागच्या बारा महिन्यांत" असं नुसतं विचारू नका, "मागच्या दिवाळीनंतर" किंवा गावात ग्रंथप्रदर्शन भरलं असेल तर "त्या प्रदर्शनानंतर" असं विचारा. लोकांना महिन्यांपेक्षा प्रसंग नीट आठवतात. आणि छापील किंमत लिहून घेऊ नका, दिलेली रक्कम विचारा. प्रकाशनपूर्व सवलत, प्रदर्शनातली सवलत, किलोवर विकली जाणारी पुस्तकं, पदपथावरच्या नकली प्रती, या सगळ्यांत छापील किंमत आणि दिलेले पैसे यांची गाठ पडत नाही.

शून्यांचं काय करायचं, हा गाईडशी पहिल्याच बैठकीत बोलायचा विषय आहे. तुमच्या डेटात शून्यं भरपूर येणार. ती सरासरीत ढकलू नका. किती घरांत काहीच खरेदी नाही, हे एक उत्तर. ज्यांनी घेतली त्यांचा मध्यक खर्च किती, हे दुसरं. शून्यांची गर्दी असलेल्या खर्चाच्या आकड्यांवर जेम्स टोबिनने १९५८ मध्ये काम केलं, 'टोबिट' मॉडेल त्यातूनच आलं. त्याचं उदाहरण टिकाऊ वस्तूंच्या खरेदीचं होतं. पण टोबिट लावण्याआधी विचारा, की हे शून्य 'परवडत नाही'चं आहे, 'नको'चं आहे, 'यंदा घेतलं नाही'चं आहे की 'वाचनालयातून आणतो'चं आहे. चारही शून्यं एक्सेलमध्ये सारखीच दिसतात. ती वेगळी करणारा प्रश्न प्रश्नावलीत नसेल तर कुठलंही मॉडेल ती नंतर वेगळी करून देणार नाही.

प्रश्नावली छापायला टाकण्याआधी एक काम करा. पायलटसाठी पाच घरं घ्या, त्यात निदान दोन तरी अशी, जिथे तुम्हाला पुस्तकं असतील असं वाटत नाही. परवानगी घेऊन पुस्तकं मोजा. कपाट, देव्हारा, माळ्यावरचं खोकं, मुलांचं दप्तर, सगळं. प्रत्येकापुढे लिहा: नवं घेतलं, जुनं घेतलं, भेट आलं, शाळेतून मिळालं, बक्षीस मिळालं, मागून आणलं, वाचनालयाचं. त्याशिवाय एक रकाना ऑर्वेलच्या तक्त्यात नाही तो ठेवा: घरात होतं आणि गेलं. रद्दीत, उसनं, पावसाळ्यात भिजून. एका घराला साधारण तासभर लागेल. देव्हाऱ्यातल्या पोथ्या 'पुस्तकं' म्हणून मोजायच्या का, यावर घरातल्यांचं आणि तुमचं मत वेगळं पडलं तर दोन्ही मतं लिहून घ्या आणि वही तशीच गाईडसमोर ठेवा.